हृदयविकार, मधुमेह आणि जनुकीय तपासणी : घरच्या वंशावळीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत

माझ्या चुलतभावाला ३९ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. तंबाखू नाही, सिगारेट नाही, रोज पहाटे टेकडी. अँजिओप्लास्टी झाली, तो घरी आला आणि त्याची जुनी फाइल लावताना चार वर्षांपूर्वीच्या ऑफिसच्या आरोग्य तपासणीचा कागद हाती लागला. एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २४४. आकड्याभोवती पेनाने गोल केलेला आणि शेजारी लिहिलेलं, ‘तेलकट कमी करा’. त्याचे वडील, आमचे काका, ४६ व्या वर्षी छातीत कळ येऊन गेले होते. काकांचं वय, तो आकडा आणि भावाचा अटॅक या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिल्या नव्हत्या. आम्ही घरच्यांनीही नाही.

पुढच्या दीड वर्षात आमच्या घरातल्या नऊ जणांच्या तपासण्या झाल्या. त्या धावपळीत जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांनीच करायचं. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी घरच्यांनी करायचं काम बरंच असतं आणि ते आपल्याला कुणी आधी सांगत नाही.

आधी प्रश्न लिहून काढा

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे बहुतेकांना एका जनुकामुळे होत नाहीत. डीएनएमधले शेकडो बारीक फरक, त्यांच्या जोडीला वजन, खाणं, झोप, तंबाखू आणि वय, अशी ती बेरीज असते. काही थोड्या घरांत मात्र तोच आजार एकाच जनुकातल्या एका मोठ्या दोषामुळे आलेला असतो आणि वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. तिसरी गोष्ट औषधांची. आजार नेहमीचाच असतो, पण दिलेली गोळी तुमच्या शरीरात नीट कामच करत नाही किंवा उलट घात करते. या तिन्हींच्या तपासण्या वेगवेगळ्या आहेत. ‘एकदा जीन टेस्ट करून टाकू’ असं म्हणून लॅबमध्ये गेलात तर नेमकी कुठली, हेच ठरलेलं नसतं.

म्हणून एका कागदावर दोन ओळी लिहा. दोष सापडला तर काय बदलेल? सापडला नाही तर काय बदलेल? औषध, डोस, तपासण्यांचं वेळापत्रक किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाची काळजी, यांतलं एकही बदलणार नसेल तर पैसे राखून ठेवा. साठीला आलेल्या, वजन जास्त असलेल्या, गोळ्यांनी साखर ताब्यात असलेल्या माणसाने मधुमेहासाठी डीएनए तपासून हाती काही लागत नाही. २४ वर्षांच्या सडपातळ मुलीला मधुमेह निघाला तर मात्र तीच तपासणी तिचं इन्सुलिन बंद करू शकते.

पहिली पायरी : तीन पिढ्यांची वंशावळ

या पायरीला पैसे लागत नाहीत आणि हिच्याइतकी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही. मोठा कागद घ्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. ज्याला आजार आहे त्याचं चिन्ह भरून टाका, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारा. आजी-आजोबा, त्यांची सगळी मुलं आणि त्या मुलांची मुलं, एवढं पुरतं. प्रत्येकापुढे आजाराचं नाव आणि तो सुरू झाला तेव्हाचं वय लिहा. वय सगळ्यांत महत्त्वाचं. ७५ व्या वर्षी आलेला अटॅक आणि ४२ व्या वर्षी आलेला अटॅक यांचा अर्थ एक नाही. पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्या चिन्हाभोवती लाल पेनाने खूण करा.

माहिती काढताना आपल्या माणसांची भाषा ओळखावी लागते. ‘आजोबा कशाने गेले?’ याला ‘अचानक गेले’ असं उत्तर येतं. तिथे थांबू नका. जेवताना गेले, झोपेत गेले की शेतात काम करताना कोसळले, हे विचारा. ‘अंगावरून वारं गेलं होतं’ म्हणजे पक्षाघात. ‘पायाचं बोट काढलं होतं’ म्हणजे बहुधा बरीच वर्षं मधुमेह. ‘तिच्या डोळ्यांवर पिवळे डाग होते’ हे आमच्या चुलत आजीने सहज सांगितलं आणि पुढे कोलेस्टेरॉलच्या डॉक्टरांनी त्याच वाक्याखाली रेघ ओढली. असे प्रश्न सणासुदीला सगळे जमलेले असताना न विचारता म्हाताऱ्या माणसांजवळ एकटं बसून विचारावेत. ती जास्त बोलतात.

दोन जागी आपल्याकडच्या वंशावळी हमखास फसतात. पहिली, लग्न होऊन गेलेल्या मुली. आम्ही काकांच्या सगळ्या भावांची माहिती लिहिली आणि बेळगावला दिलेली आत्या कागदावर आलीच नाही. ‘ती आता सासरची’ हा विचार इतका अंगवळणी पडलेला होता. तिची ५८ व्या वर्षी बायपास झाली होती. रक्ताला माहेर-सासर नसतं, आत्या आणि मावशी कागदावर आल्याच पाहिजेत. दुसरी जागा नात्यातल्या लग्नांची. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर नवरा-बायकोच्या मधे दुहेरी रेघ ओढा. एकच दोष दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता तिथे वाढते आणि काही आजारांत जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) बिघडल्या की रूप फार गंभीर होतं. कोलेस्टेरॉलच्या आनुवंशिक आजारात अशा मुलांचं एलडीएल ५०० च्या आसपास जातं आणि हृदयविकार शाळकरी वयातही येऊ शकतो.

दुसरी पायरी : साध्या रक्ततपासण्या

डीएनएकडे वळण्याआधी या करून घ्या. घरातल्या प्रौढांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. एलडीएल १९० किंवा जास्त आलं तर थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, कारण त्यांच्या बिघाडानेही कोलेस्टेरॉल चढतं. ते सगळं ठीक असेल तर आनुवंशिक कारणाचा संशय घ्यायचा. टाचेच्या वरची धोंडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, जाड झाली आहे का, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसते का, हेही डॉक्टरांना दाखवा.

दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-एची. हा एलडीएलसारखाच एक कण आहे आणि त्याचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं. आहार-व्यायामाने ते फारसं हलत नाही. त्यामुळे आयुष्यात एकदा मोजलं की बहुतेकांना पुरतं. ५० मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरच्या वर ते धोक्याचं मानतात आणि भारतीयांत साधारण चारातल्या एकाचं त्या रेषेवर असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी प्रत्येकाने एकदा करावी असं म्हटलं आहे. ते कमी करणारी खास औषधं अजून चाचण्यांत आहेत, मग मोजून उपयोग काय, असं मीही विचारलं होतं. ते जास्त निघालं तर बाकीच्या गोष्टींना, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू यांना डॉक्टर अधिक कडक लक्ष्य देतात. साध्या रक्ततपासणीच्या खर्चात आपल्याला इथे जनुकांचं उत्तर मिळतं.

मधुमेहात सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या तपासण्या आधी येतात. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं आणि स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करतं का, हे त्यांतून कळतं.

तिसरी पायरी : प्रश्नानुसार तपासणी

एलडीएलचं घराणं. आमच्या घरात निघाला तो आजार फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. जगात अंदाजे २५० ते ३०० माणसांत एकाला असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. मुख्य जनुकं तीन : एलडीएलआर, एपीओबी आणि पीसीएसके९. आई किंवा वडिलांत दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

एलडीएल २४४ असताना औषध द्यायचंच आहे, मग डीएनए कशाला? आम्हाला दोन कारणं पटली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९० च्या वर एलडीएल असलेल्यांची तुलना कमी एलडीएल असलेल्या आणि दोष नसलेल्या लोकांशी केली होती. ज्यांच्यात जनुकीय दोष नव्हता त्यांचा हृदयविकाराचा धोका सहापट होता आणि ज्यांच्यात होता त्यांचा बावीसपट. दोष असलेल्याचं रक्त जन्मापासून या ओझ्याखाली वाहिलेलं असतं. त्यामुळे अशा माणसाला ‘सहा महिने पथ्य करून बघू’ म्हणण्यात वेळ जातो. दुसरं कारण मुलं. माझ्या चुलत भाच्याचं एलडीएल १३५ आलं. त्या वयाला हा आकडा धड इकडचा नाही की तिकडचा नाही. भावामध्ये सापडलेला नेमका फरक त्याच्यात शोधला तेव्हा तो निघाला. माझ्या वडिलांमध्ये तो नाही, म्हणून मला आणि माझ्या मुलांना त्या तपासणीची गरजच उरली नाही. असं स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ दुसऱ्या कशाने मिळालं नसतं.

तपासणीचा क्रम मात्र सांभाळा. आधी सगळ्यांत स्पष्ट आजार असलेल्या माणसाचं पूर्ण पॅनल, म्हणजे त्या आजाराच्या सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी, करायचं. त्याच्यात दोष सापडला की बाकीच्यांमध्ये फक्त तेवढीच एक जागा तपासायची, ते बरंच स्वस्त पडतं. निरोगी मुलापासून सुरुवात केली आणि काही निघालं नाही, तर ‘नाही’चा अर्थच लावता येत नाही. आजारी माणसाच्या पॅनलमध्ये काहीच सापडलं नाही तरी एलडीएलवरचे उपचार चालूच राहतात, कारण आज माहीत असलेल्या जनुकांपलीकडेही कारणं असतात. मुलांना साधारण आठ ते दहा वर्षांपासून स्टॅटिन (एलडीएल कमी करणारं औषध) देता येतं, निर्णय बालहृदयरोगतज्ज्ञ किंवा लिपिडतज्ज्ञांचा. गरोदरपणाचा विचार असलेल्या मुलीने ते आधीच डॉक्टरांना सांगावं, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा थांबवतात.

स्टेंटनंतरची गोळी. क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. त्या जनुकाची *२ नावाची प्रत असेल तर एन्झाइम बनत नाही. दक्षिण आशियाई लोकांत निम्म्याहून जास्त जणांकडे अशी निदान एक प्रत असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या औषधावर ठळक चौकटीतली सूचना घातली ती याचसाठी. स्टेंट घातलेल्याला एक किंवा दोन्ही प्रती अशा असतील तर प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर हा पर्याय असतो. प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत, टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते.

भावाला टिकाग्रेलॉरने धाप लागत होती आणि डॉक्टर क्लोपिडोग्रेलवर आणायच्या विचारात होते. तपासणीत *१/*२, म्हणजे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत, निघालं, म्हणून प्रासुग्रेल दिलं. उलट्या दिशेनेही ही तपासणी उपयोगी पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः नेदरलँड्समधल्या २,४८८ रुग्णांच्या चाचणीत *२ किंवा तशीच बिघडलेली *३ प्रत नसलेल्यांना प्रासुग्रेल-टिकाग्रेलॉरसारख्या जोरदार गोळीवरून क्लोपिडोग्रेलवर आणलं. गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला. म्हणजे अहवाल चांगला असेल तर स्वस्त गोळी निर्धास्त घेता येते. ही तपासणी सगळ्यांत कामाची पहिल्या काही महिन्यांत. वाट बघत औषधाविना राहायचं नाही आणि हे वाचून चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कारण स्टेंट बुजणं जिवावर बेतू शकतं. एक साधी गोष्ट आजच करा : क्लोपिडोग्रेलबरोबर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेत असाल तर डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्या याच एन्झाइमला अडवतात.

तरुण वयातला मधुमेह. इथे आपल्याकडची अडचण वेगळी आहे. परदेशी पुस्तकांत ‘२५ च्या आत मधुमेह आणि आई किंवा वडिलांना मधुमेह’ हे एका जनुकाच्या मधुमेहाचं, म्हणजे ‘मोडी’चं (MODY) लक्षण म्हणून देतात. आपल्याकडे नेहमीचा टाइप २ सुद्धा लवकर येतो, सडपातळ माणसांना होतो आणि घरोघरी आई-वडिलांना असतोच. त्यामुळे तेवढ्यावर पॅनल करायला धावू नका. मानेवर काळे जाड पट्टे नाहीत, अँटिबॉडी नाहीत, सी-पेप्टाइड टिकून आहे आणि सलग पिढ्यांत लहान वयात मधुमेह आहे, असं सगळं जुळलं तर तपासणीला अर्थ येतो. एचएनएफ१ए जनुकाचा दोष निघाला तर ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीला साखर छान प्रतिसाद देते आणि पुष्कळांचं इन्सुलिन सुटतं. जीसीके निघाला तर साखर जन्मभर किंचित वर राहते, पण गरोदरपण सोडलं तर सहसा औषधच लागत नाही. बाळाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला तर मात्र थांबूच नका, डीएनए तपासणी लगेच करा. केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ चा दोष असेल तर बहुतेक बाळं इन्सुलिनच्या सुयांवरून गोळीवर येतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशा मधुमेहांवर बरीच वर्षं काम चाललं आहे.

टाइप १ की टाइप २, हा घोळ सोडवायला जनुकीय गुणांक (अनेक जनुकीय खुणांची बेरीज करून काढलेला आकडा) वापरता येतो का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्था आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर तपासलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. युरोपीय माहितीवर बेतलेला गुणांक आपल्या रुग्णांतही उपयोगी ठरला, पण काही जनुकीय खुणांचं वजन आपल्यात वेगळं निघालं. माझ्या दृष्टीने हा धडा सगळ्याच तपासण्यांना लागू आहे.

इतर औषधं थोडक्यात. फिट्ससाठी किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांसाठी कार्बामाझेपिन सुरू होणार असेल तर एचएलए-बी*१५:०२ बद्दल विचारा. ती खूण असलेल्यांत कातडी सोलवटून निघण्याची भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. गाउटच्या ॲलोप्युरिनॉलसाठी एचएलए-बी*५८:०१. संधिवात, ल्युपस किंवा आतड्याच्या दाहासाठी ॲझाथायोप्रिन देणार असतील तर एनयूडीटी१५ या जनुकाबद्दल विचारा. युरोपात टीपीएमटी हे दुसरं जनुक तपासतात, आपल्याकडे फक्त तेवढ्यावर भागत नाही. स्तन किंवा बीजकोशाच्या कर्करोगाचं घराणं असेल तर बीआरसीए जनुकांची तपासणी हा स्वतंत्र, मोठा विषय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी कर्करोग-आनुवंशिकीची वेगळी ओपीडी आहे.

थुंकीची किट आणि ‘धोक्याचा स्कोअर’. माझ्या बायकोने थुंकीचा नमुना पाठवून असा जनुकीय अहवाल मागवला होता. हृदयविकाराचा धोका सरासरीपेक्षा जास्त, खाली लाल पट्टी. ती आठवडाभर नीट झोपली नाही. अनेक जनुकांचे हे गुणांक ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांत २०१९ पर्यंत सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. म्हणून आपल्यासाठी त्यांची अचूकता कमी पडते. जिनोमइंडिया या भारतीयांच्या डीएनएवरच्या सरकारी प्रकल्पातल्या १०,००० जिनोमची (माणसाच्या पूर्ण डीएनएची) माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्यातून हे हळूहळू सुधारेल. तोवर अशा स्कोअरवर एकट्याने कुठलंही औषध सुरू किंवा बंद करू नये. त्यातल्या ‘गंभीर दोष आढळला’ अशा ओळीही वैद्यकीय लॅबमध्ये पुन्हा पडताळून घ्याव्या लागतात, त्यांतल्या बऱ्याच खोट्या निघतात. तिला धीर आला तो २०१६ च्या एका अभ्यासाने. जनुकीय धोका सगळ्यांत जास्त असलेल्या गटातही तंबाखू न ओढणारे, वजन राखणारे, चालणारे आणि नीट खाणारे यांच्यात हृदयविकाराचे झटके जवळपास निम्मे होते.

चौथी पायरी : नमुना देण्याआधी

जेनेटिक काउन्सेलरशी आधी बोला. मोठ्या शहरांत ते भेटतात, बरेच जण व्हिडिओवरही बोलतात. लॅबला एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळेच्या दर्जाची मान्यता) आहे का, ती नेमक्या याच तपासणीला आहे का, हे विचारा. माझा डीएनए आणि माहिती किती वर्षं ठेवणार, संशोधनासाठी कुणाला देणार, नकार दिला तर चालेल का, हे संमतिपत्रात वाचा. चौकट रिकामी ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. विम्याचंही पाहून ठेवा. आरोग्य विम्यात केवळ ‘जनुकीय आजार’ म्हणून दावे नाकारू नका, असं विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. पण जनुकीय भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा आपल्याकडे नाही. जीवन विमा घ्यायचा मनात असेल तर त्याचा विचार तपासणीआधी करा आणि प्रस्तावात विचारलेल्याचं खरंच उत्तर द्या. गर्भाची तपासणी असेल तर १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू होतो, ती फक्त नोंदणीकृत केंद्रातच.

पाचवी पायरी : अहवाल वाचणं

पहिल्या पानावरचा रंग पाहू नका, वर्गीकरण पाहा. पाच वर्ग असतात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. पहिल्या दोनांवर उपचार बदलतात. ‘अनिश्चित’ हा निकाल आपल्या लोकांत वरचेवर येतो, कारण तुलनेसाठी आपली माहितीच कमी आहे. त्यावर औषध बदलू नका, नातेवाइकांची तपासणी करू नका, दोन वर्षांनी लॅबला फेरविचार करायला सांगा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, लॅब आपणहून फोन करेलच असं नाही.

औषधांशी संबंधित निकाल जन्मभर तोच राहतो. जनुक, प्रत आणि टाळायचं औषध एका छोट्या कार्डावर लिहून पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. अपघातात किंवा परगावी, तुम्ही शुद्धीत नसताना ते कामी येईल.

सहावी पायरी : नातेवाइकांना कळवणं

हे आम्हाला सगळ्यांत जड गेलं. मुलीचं लग्न जमायचं आहे, असं म्हणत एका घराने अहवाल दडपायला सांगितला. आम्ही एकेकाला वेगळं गाठलं, समूहावर काही टाकलं नाही. निरोप असा होता, हवा तर जसाच्या तसा वापरा :

‘आपल्या घरात कोलेस्टेरॉलचा एक आनुवंशिक आजार निघाला आहे. यात कुणाची चूक नाही आणि गोळ्यांनी तो चांगला ताब्यात राहतो. तुमच्यात तो असण्याची शक्यता आहे. या आठवड्यात लिपिड प्रोफाइल करा, आकडा मला कळवा. डीएनएच्या अहवालाची प्रत मी पाठवतो, ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मुलांचं त्यानंतर बोलू.’

बेळगावच्या आत्याला मात्र निरोप न धाडता आम्ही भेटायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन दोन्ही मुलांना फोन लावला. धाकटा ३४ वर्षांचा, कधीच रक्त न तपासलेला. शनिवारी त्याचा आकडा आला : एलडीएल २३१. सोमवारी त्याची गोळी सुरू झाली.